विश्लेषण : काशीत खासगी नावेने घाट पाहताना... भाडे कसे ठरते, सुरक्षितता कशी तपासायची आणि मराठी घाट कोणते?

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान, एखादा विधी, संध्याकाळची आरती आणि दुसऱ्या दिवशी प्रयागराज किंवा अयोध्या. या धावपळीत नावफेरीच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उतरू लागले की ‘नाव चाहिए, भैया?’ असे विचारत चार-पाच जण भोवती जमतात. प्रत्येकाचा दर वेगळा, प्रत्येकाचा तास वेगळा. गोंधळलेले कुटुंब मिळेल त्या नावेत बसते आणि परतल्यावर दोन तक्रारी करते. पैसे जास्त गेले आणि नेमके काय पाहिले ते कळले नाही. या दोन्ही तक्रारी टाळता येतात. त्यासाठी नदी, नाव आणि नाविक यांचे गणित आधी समजून घ्यावे लागते.

घाट नदीतूनच का पाहायचे?

गंगा वाराणसीत उत्तरेकडे वळते आणि अर्धचंद्राकार वळण घेते. शहर या वळणाच्या पश्चिम काठावर, उंच कड्यावर वसले आहे. समोरचा पूर्व काठ सखल आणि वाळूचा. त्यामुळे सगळे घाट पूर्वाभिमुख आहेत आणि सूर्य थेट त्यांच्यासमोर, मोकळ्या वाळवंटावर उगवतो. दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला राजघाटाच्या पुढे आदिकेशव अशी ही साधारण सहा-सात किलोमीटरची रांग. घाटांची संख्या परंपरेने ८४ सांगितली जाते.

घाटावरून चालताना पायऱ्या, छत्र्या आणि गर्दी दिसते. त्यामागचे वाडे, मंदिरांची शिखरे, तटबंदी मात्र दिसत नाही, कारण आपण त्यांच्या पायाशी असतो. पन्नास-साठ मीटर पाण्यात गेल्यावरच एकेक घाट संपूर्ण उभा राहतो. घाट बांधणाऱ्यांनी इमारतींचे दर्शनी तोंड नदीकडे ठेवले, कारण त्या काळी मोठा प्रवासी आणि माल नदीनेच येत होता. म्हणून नावफेरी ही केवळ हौस म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. शहर पाहण्याची ती मूळ जागा आहे.

खासगी नाव, सामायिक नाव आणि क्रूझ यांत फरक काय?

सामायिक नावेत माणशी पैसे घेतात आणि सवारी भरल्याशिवाय नाव सुटत नाही. मार्गही नाविकच ठरवतो. खासगी नाव म्हणजे संपूर्ण नाव ठरावीक वेळेसाठी तुमची. कुठे थांबायचे, कुठे उतरायचे, परत यायचे की नाही, हे तुम्ही ठरवता. घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील, किंवा घाट नीट समजून घ्यायचे असतील, तर खासगी नाव सोयीची.

खासगी नावांमध्येही तीन प्रकार आहेत. वल्ह्यांची छोटी होडी, इंजिनाची मध्यम नाव आणि वर बसायला सज्जा असलेला मोठा ‘बजडा’. वल्ह्यांच्या होडीत आवाज नसतो, धूर नसतो आणि नाविकाशी बोलता येते. मात्र ती सावकाश जाते. इंजिनाच्या नावेने कमी वेळात अस्सी ते राजघाट होतो. बजडा दहा-पंधरा जणांच्या गटालाच परवडतो. २०१८ पासून वातानुकूलित क्रूझही येथे सुरू झाल्या. त्यांचे तिकीट ऑनलाइन मिळते, वेळ पक्की असते, पण घाटाजवळ थांबणे किंवा मधेच उतरणे त्यात शक्य नसते.

भाडे कसे ठरते?

भाड्यावर चार गोष्टींचा परिणाम होतो. नावेचा आकार, वेळ, अंतर आणि गर्दीचा हंगाम. घासाघीस करताना बहुतेक प्रवासी फक्त रकमेवर बोलतात. चूक तिथेच होते. रक्कम ठरवण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत.

दर नावेचा की माणशी? समजा, सहा जणांना माणशी ४०० रुपये सांगितले, तर होतात २,४००. तेवढीच नाव पूर्ण १,८०० रुपयांत मिळत असेल तर माणशी ३०० पडतात. हे आकडे फक्त गणित समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दर घाटावर दोन-तीन ठिकाणी विचारूनच कळतात.

किती वेळ? ‘एक चक्कर’ या शब्दाला अर्थ नाही. चक्कर पाऊण तासाचीही असू शकते. मिनिटांत बोलावे.

कुठून कुठे? गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे अस्सीहून दशाश्वमेध किंवा मणिकर्णिकेकडे जाताना नाव प्रवाहाबरोबर जाते. उलट दिशेने वल्हवत यायचे तर नाविकाचा घाम निघतो आणि वेळ दुप्पट लागतो. अस्सीला चढून पंचगंगा किंवा राजघाटाला उतरायचे असे एका दिशेचे ठरवले, तर त्याच पैशांत जास्त घाट पाहून होतात. परतीला रिक्षा मिळते.

आरतीचा थांबा धरला आहे का? संध्याकाळी दशाश्वमेधासमोर नाव उभी ठेवून आरती पाहण्याचे पैसे वेगळे मागितले जाऊ शकतात. ते आधीच एकूण रकमेत धरून घ्यावेत.

हॉटेलमार्फत किंवा घाटावरच्या मध्यस्थामार्फत नाव घेतली तर त्याची दलाली भाड्यात असते. पायऱ्यांच्या शेवटी, नावेजवळ उभ्या असलेल्या माणसाशी थेट बोलणे केव्हाही चांगले. पूर्ण पैसे आधी देऊ नयेत. थोडा बयाणा आणि उरलेले उतरताना, ही रीत दोघांनाही सोयीची. देव दिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, नेहमीचे कोणतेही दर लागू पडत नाहीत. त्या दिवशी नावा बऱ्याच आधीपासून ठरलेल्या असतात.

सकाळ की संध्याकाळ?

घाट पाहायचे असतील तर सकाळ. उगवतीचे ऊन थेट इमारतींवर पडते. इथे महाराष्ट्रातल्या प्रवाशाची एक चूक हमखास होते. वाराणसी मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. जूनमध्ये इथे सूर्योदय पहाटे पाचच्या सुमारास होतो, जानेवारीत पावणेसातच्या आसपास. ‘सहाला निघू’ असे उन्हाळ्यात ठरवले, तर सूर्य तासभर वर आलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. तेव्हा घाई न करता थोडे उशिरा निघावे.

संध्याकाळी मुख्य आकर्षण आरतीचे. नावेतून आरती समोरून दिसते, पण शेकडो नावा एकमेकींना खेटून उभ्या असतात. आरती संपताच सगळ्या एकदम सुटतात. लहान मुले आणि ज्येष्ठ सोबत असतील तर ही वेळ सर्वांत काळजीची. सकाळी नावफेरी आणि संध्याकाळी घाटावर बसून आरती, असा क्रम सोपा पडतो.

नावेतून दिसणारे मराठी घाट कोणते?

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात काशीचा नदीकाठ मोठ्या प्रमाणावर दगडात बांधला गेला. त्यातला मोठा वाटा मराठी सरदार, पेशवे आणि त्यांच्या कारभाऱ्यांचा. राजकीय ताबा नसलेल्या शहरात त्यांनी हा खर्च केला. नाविक बहुधा हे सांगत नाही, म्हणून अस्सीहून उत्तरेकडे जाताना पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

भदैनी : अस्सी आणि तुलसी घाटाच्या जवळचा हा भाग. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा, म्हणजे मणिकर्णिका तांबे यांचा जन्म इथला. घाटापासून थोडे आत त्यांचे स्मारक आहे.

चेतसिंह घाट : हा मराठी नाही, पण किल्ल्यासारखी तटबंदी लक्ष वेधते. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या शिपायांच्या पहाऱ्यातून बनारसचे राजे चेतसिंह याच वाड्यातून नदीकडे उतरून नावेने निसटले.

राजा घाट : केदार घाटाच्या पुढे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे उत्तरायुष्यात काशीत राहिले. या घाटाच्या बांधकामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

मुन्शी आणि दरभंगा घाट : काशीच्या छायाचित्रांत हमखास दिसणारी उंच, बुरुजांची इमारत इथली. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधली. पुढे ती दरभंगा संस्थानाकडे गेली आणि घाटाचे नाव विभागले गेले.

अहिल्याबाई आणि दशाश्वमेध घाट : अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाच्या अगदी अलीकडे आहे. दशाश्वमेधाच्या पक्क्या बांधकामाचे श्रेय बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशवे, आणि त्यांच्यानंतर अहिल्याबाई यांना दिले जाते. सध्याचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभे केले. १३ डिसेंबर २०२१ रोजी खुल्या झालेल्या विश्वनाथ धामाचे नदीकडचे द्वार नावेतून स्पष्ट दिसते. त्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळाही आहे.

शिंदे घाट : स्थानिक उच्चार ‘सिंधिया’. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला. बांधकाम इतके जड झाले की काठ खचला. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा १८२८ चा स्तंभमंडपही बायजाबाईंचाच. या घाटाशेजारी पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतो.

भोसले घाट : नागपूरकर भोसल्यांचा. छोट्या खिडक्यांची, जवळजवळ कोरी दगडी भिंत आणि मागे लक्ष्मीनारायणाचे मंदिर.

पंचगंगा घाट : वर औरंगजेबाच्या काळातली मशीद, शेजारी बिंदुमाधवाचे मंदिर. जुने भव्य बिंदुमाधव मंदिर पाडल्यानंतर उभ्या राहिलेल्या आजच्या मंदिराशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव निगडित आहे. घाटावर अहिल्याबाईंनी दिलेली दगडी दीपमाळ आहे. कार्तिकात इथे उंच वेळूवर आकाशदिवे लावतात. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली, हेही इथे आठवायला हरकत नाही.

दुर्गा आणि ब्रह्मा घाट : पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हा भाग बांधला. यामागच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. वेळ असेल तर इथे उतरून पायी फिरावे.

मणिकर्णिकेसमोर काय पाळावे?

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे दोन स्मशानघाट मार्गात येतात. मणिकर्णिकेवर दिवसरात्र चिता जळत असतात. नावेतून पाहायला मनाई नाही, पण फोटो आणि व्हिडीओ काढू नयेत. काठावर कोणाच्या तरी घरचे माणूस असते. नाविकाला आधीच सांगावे की इथे अंतर ठेवून, न थांबता चल. मुले सोबत असतील तर आधी दोन शब्दांत कल्पना द्यावी.

पावसाळ्यात नावा का बंद होतात?

वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते, ती आजवरची सर्वोच्च नोंद. पाणी वाढू लागले की घाटांना जोडणाऱ्या पायऱ्या बुडतात, प्रवाहाचा वेग वाढतो आणि प्रशासन नौकाविहारावर बंदी घालते. ही बंदी इशारा पातळीच्या बरीच आधीही येऊ शकते. आरती तेव्हा वरच्या पायऱ्यांवर किंवा छतावर होते.

जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर नावफेरी होईलच असे धरू नये आणि तिचे आगाऊ पैसे भरू नयेत. बंदी असताना ‘हळूच नेऊन आणतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर नकार द्यावा. बंदीच्या काळात अपघात झाला तर मदत उशिरा पोहोचते आणि विम्याचा प्रश्नही अवघड होतो.

सुरक्षितता कोणी पाहायची?

नावांना परवाना देण्याचे काम महापालिकेचे, तर पाण्यावरची देखरेख जल पोलिसांची. दशाश्वमेधाजवळ त्यांची चौकी आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकरावी तुकडीही वाराणसीत आहे. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने देशांतर्गत जलमार्गांवरील यंत्रचलित नौकांसाठी नोंदणी, तपासणी आणि विमा यांचे नियम घातले. त्याआधी १९१७ चा कायदा लागू होता.

कायदा असला तरी शेवटची तपासणी प्रवाशाचीच. गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शालेय सहलीची बोट उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तलावाचे पाणी संथ होते, तरी हे घडले. गंगेला तर प्रवाह आहे.

म्हणून बसण्याआधी दोन मिनिटे द्यावीत. नावेवर क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली आहे का, ते पाहावे. जॅकेट फळीखाली कोंबलेली नसावीत, प्रत्येकाच्या अंगावर आणि पट्टे बांधलेली असावीत. लहान मुलांच्या मापाचे जॅकेट मागावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते. अंधार पडल्यानंतर निघत असाल तर नावेला दिवा हवा. चालू नावेत उभे राहून सेल्फी घेऊ नये, सगळ्यांनी एका बाजूला वाकू नये. समोरच्या वाळूवर उतरून अंघोळीचा मोह होतो. तिथे तळ एकसारखा नसतो, दोन पावलांवर खोल पाणी असू शकते. आणीबाणीत ११२ क्रमांक लावावा.

डिझेलचा धूर कमी झाला का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत इंजिनाच्या नावा प्रामुख्याने डिझेलवर चालत. कर्कश आवाज, धूर आणि पाण्यावर तेलाचा तवंग हे नेहमीचे चित्र होते. त्यानंतर नावांची इंजिने सीएनजीवर बदलण्याची मोहीम घेण्यात आली आणि राजघाटाजवळच्या नमो घाटावर नावांसाठी तरंगते सीएनजी केंद्र सुरू झाले. नाव ठरवताना इंजिन कोणते, हे विचारता येते. वल्ह्यांची होडी निवडली तर हा प्रश्नच उरत नाही.

नाविकांचे म्हणणे काय?

काशीतले नाविक प्रामुख्याने मल्लाह, निषाद समाजाचे. कोणत्या घाटावर कोणाची नाव लागेल, हे इथे पिढीजात हक्काने ठरत आले आहे. प्रत्येक नाविक नावेचा मालक नसतो. अनेक जण दुसऱ्याची नाव वाट्याने चालवतात. म्हणजे प्रवासी देतो त्या पैशांतून मालकाचा हिस्सा, इंधन, दुरुस्ती आणि असल्यास दलाली वजा होऊन उरते ती वल्हवणाऱ्याची मजुरी. पुराचे दोन-अडीच महिने तीही बंद.

विश्वनाथ धाम झाल्यानंतर पर्यटक वाढले. त्याबरोबर मोठ्या क्रूझही आल्या. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसी ते दिब्रुगड अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची नदीसफर करणारे ‘गंगाविलास’ याच शहरातून निघाले. गर्दी वाढली तरी उत्पन्न मोठ्या कंपन्यांकडे जाते, लाटांनी लहान होड्या हेलकावतात आणि परंपरागत हक्क मोडतो, असे नाविकांचे म्हणणे आहे. त्यासाठी त्यांनी वेळोवेळी नावा बंद ठेवून आंदोलनेही केली. दुसरी बाजूही आहे. क्रूझचे तिकीट ठरलेले असते, सुरक्षा साधने असतात आणि प्रवाशाला घासाघीस करावी लागत नाही. नाविकांच्या संघटना आणि महापालिकेने मिळून दरफलक ठळक लावले आणि क्षमतेचा नियम काटेकोर पाळला, तर लहान नावेवरचा विश्वास वाढेल. त्याचा फायदा आधी नाविकालाच होईल.

मग करायचे काय?

चार-सहा जणांचे कुटुंब असेल तर सूर्योदयाआधी पंधरा-वीस मिनिटे अस्सी घाटावर पोहोचावे. थेट नाविकाशी बोलून वल्ह्यांची किंवा सीएनजीची छोटी नाव दीड-दोन तासांसाठी, एका दिशेने, संपूर्ण नावेच्या दराने ठरवावी. जॅकेट घालावे. वरच्या यादीतले घाट नाविकाला आधीच सांगून तिथे वेग कमी करायला लावावा. वल्ह्यांची नाव असेल तर पंचगंगेला उतरावे, इंजिनाची असेल तर राजघाटापर्यंत जावे.

आणि घासाघीस नाव सुटण्याआधीच संपवावी. उतरताना ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत, माहिती चांगली सांगितली असेल तर वर थोडे अधिक. दोनशे वर्षांपूर्वी मराठी माणसांनी या काठावर दगड बसवला, तो पाहायला नेणारा माणूस आजही हातानेच वल्हवतो आहे.